सुईमागून धागा

“मग बाबा, तुम्ही दवाखान्याच्या बाजूचे की विरुद्ध, तेवढं एकदा स्पष्ट सांगा.”

हे विचारणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. डोंगरपीराच्या दर्ग्यापुढे असं कुणी उभं राहत नाही. पण वृषाली साळवीला ते सांगणार कोण?

नूरशा बाबा ओट्यावर बसून लाल दोऱ्याला पीळ देत होते. मान वर न करता म्हणाले,

“चहा घेतेस?”

“मी चहाला नाही आले.”

“ते दिसतंय. पण घेतेस का?”

घेतला तिने. बिनदुधाचा, आलं ठेचून घातलेला. पहिल्या घोटाला जीभ पोळली, तशी जरा खाली बसली.

वृषाली तालुक्याच्या गावची. आरोग्याचं काम करणारी एक छोटी संस्था ती चालवायची. बाई मनाने सोन्यासारखी, रात्री-अपरात्री कुणाच्याही हाकेला धावणारी. पण बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार होई, आणि आपलंही कधी चुकतं हे काही तिच्या गावी नव्हतं. नवरा बिचारा हळूच म्हणायचा, “हिच्याशी वाद घालण्यापेक्षा विहीर खणलेली परवडली.”

पण आज ती उगाच चिडलेली नव्हती.

गेल्या भातकापणीत याच अंगणात, चाफ्याच्या झाडाखाली, तीन लेकरांची आई गेली होती. फुरसं चावलेलं. फुरसं म्हणजे वीतभर साप, पण जहर असं की रक्त गोठायचंच विसरतं. दवाखाना घाटीखाली, गाडीने अर्ध्या तासावर. पण डोंगरातली रीतच अशी की साप चावला की माणूस आधी दर्ग्यात आणायचा. बाबांनी पाणी फुंकायचं, मनगटाला लाल धागा बांधायचा. मग उतार पडेपर्यंत चाफ्याखाली बसायचं. ती बाई बसल्या बसल्याच गेली.

वृषाली तिच्या दिवसांना जाऊन आली आणि तिने डोक्यातच घेतलं. या डोंगरपट्ट्यात साप चावून माणूस मरता कामा नये. बस्स.

त्यासाठी तिने योजना लिहिली. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडे ती सोमवारी जायची होती. पसंत पडली तर वाडीवाडीला गाडीची सोय, दवाखान्यात औषधाचा भरपूर साठा. नाही पडली तर सगळं दुसऱ्या तालुक्याला जाणार.

“विरुद्ध नाही मी,” बाबा म्हणाले.

“मग माणसं इथं का बसवता?”

“मी नाही बसवत. मी जा म्हणतो. ते बसतात.”

“जा म्हटल्यावर कोण कशाला बसेल?”

“त्यांना वाटतं बाबा परीक्षा बघतात. जितकं जोरात जा म्हणावं, तितके घट्ट बसतात.”

वृषालीला हसू आलं, पण तिने ते चहात बुडवलं.

“आणि लोक बरे होतात ते?”

“धामण चावली तरी इथं येतात. दिवड चावली तरी येतात. त्यांच्यात विषच नाही, तर माणूस मरेल कशाने? तो उठून जातो, माझं नाव होतं. फुरसं चावलेला उठत नाही. ते मग त्याचं नशीब...”

बाबांनी दोऱ्याला आणखी एक पीळ दिला.

“लोक उठलेले मोजतात, पोरी.”

मोजायचा विषय निघाला तशी वृषाली सरसावली. पिशवीतून तिने योजनेचे कागद काढले. तिला ते दाखवायचेच होते. महिनाभर डोळे फोडून लिहिलेले.

“आम्ही नीट मोजणार आहोत. हल्ली नुसतं ‘चांगलं काम करू’ म्हणून भागत नाही. उद्दिष्ट लागतं. आणि त्याला निर्देशक लागतो.”

“तो कोण?”

“कोण नाही, काय. उद्दिष्ट साधलं की नाही हे ज्यावरून कळतं ते. मोजता येईल असं.”

“म्हणजे खूण म्हण की.”

“...खूण म्हणा.”

“वाच.”

तिने घसा साफ केला. “डोंगरपट्ट्यात शंभर जनजागृती सभा घेणे.”

“सभा झाली, हे कशावरून?”

“फोटो असतात. हजेरी असते.”

“आणि फुरसं फोटोला भितं?”

“बाबा, थट्टा नको.”

“थट्टा नाही. शंभर सभा ही तुझी चाल झाली. तू चाललीस हे कळलं. पोचलीस कुठं?”

वृषालीचे कान तापले. सगळी फौज आधी पाठवून सेनापती मागे ठेवावा, तसं तिने मुख्य वाक्य शेवटी राखलं होतं. ते तिने आता ठासून वाचलं.

“मुख्य उद्दिष्ट. तालुक्याच्या दवाखान्यात येणाऱ्या साप चावलेल्या रुग्णांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आणणे.”

बाबांनी दोरा खाली ठेवला.

“परत वाच.”

तिने परत वाचलं. दुप्पट ठासून.

“दवाखान्यात येणारे कमी करायचे?”

“हो.”

“मग तुझं काम मी कधीपासूनच करतोय की.”

“म्हणजे?”

बाबांनी चाफ्याखाली बोट दाखवलं.

“सगळे इथं माझ्याकडे येऊन बसतात. तुझ्या दवाखान्यात कुणी जात नाही. तुझा आकडा खाली. माझ्याएवढा मोठा मदतनीस तुला मुंबईत मिळायचा नाही.”





वृषालीने कागदाकडे बघितलं. महिनाभर ते वाक्य तिने वाचलं होतं. संस्थेतल्या चौघांनी वाचलं होतं, शुद्धलेखन तपासलं होतं. सगळ्यांच्या मनात एकच की आजारी कमी, म्हणजे काम फत्ते. आणि ती गेलेली बाई? ती तर दवाखान्यात गेलीच नव्हती. म्हणजे या कागदाच्या हिशेबाने तिचं जाणं हे वृषालीचं यश होतं.



“मला तसं म्हणायचं नव्हतं,” ती अखेर म्हणाली. आवाज पार खाली आला होता.

“काय म्हणायचं होतं?”

“कुणी मरू नये.”

“हं. हे झालं पोचायचं ठिकाण. आता वाटेवरची खूण सांग. बरोबर चाललीस का भलतीकडेच, हे दोन वर्षांनी कळून काय उपयोग? उद्या कशावरून कळेल?”

तिला सुचायला वेळच मिळाला नाही.

खालून पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर आरडाओरड ऐकू आली. “बाबानू! ओ बाबानू!”

वाडीतला रमाकांत धावत चढत होता. मागे दोघांनी हातांची पालखी करून त्याची बायको सुगंधा आणलेली. भात कापताना पेंढीत फुरसं होतं, आणि ते हाताला डसलं. हात मनगटापर्यंत टम्म सुजलेला. सगळ्यांच्या मागून, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत, सासू आवडाबाय.

त्यांनी सुगंधाला सवयीने चाफ्याखाली ठेवलं आणि भोवती बसले.

“दवाखान्यात न्या हिला,” बाबा म्हणाले.

कुणी हललं नाही. आवडाबायने उलट मांडी घातली.

“ऐकलंत ना?” वृषाली पुढे झाली. “फुरश्याच्या विषावर इंजेक्शन आहे. जितका उशीर तितका धोका. सरकारी आकडेवारी असं सांगते की...”

“तुमी कोन?” आवडाबाय म्हणाली.

“मी संस्थेची.”

“मंग सौंस्थेत जा. हिथं आमचं मानूस पडलंय. आधी धागा, मंग काय ते.”

“आई, धाग्याने विष उतरत नाही!”

“तुमाला कदी फुरसा चावलाय?”

“नाही, पण...”

“मंग गप ऱ्हावा.”

झालं. ज्या तोंडाने शंभर सभा घ्यायच्या होत्या ते तोंड पहिल्याच सभेत बंद पडलं. रमाकांत खाली मान घालून बसला होता. त्याला जावं असं वाटत असणार, पण आईपुढे ते बोलायची छाती नव्हती. सुगंधा डोळे मिटून कण्हत होती. तिच्या हिरड्यांतून रक्ताची बारीक रेघ आली होती.

वृषालीने ती रेघ बघितली. पुढे ती कुणाशी वाद घालत बसली नाही. सरळ अंगणाबाहेर उभ्या केलेल्या आपल्या जीपकडे धावली.

जीप सामानाने गच्च. फ्लेक्स, फळ्या, घोषणांचे फलक, सभेच्या सतरंज्या. माणूस ठेवायला जागा नाही. तिने मागचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी सामान बाहेर ओढायला सुरुवात केली. ‘साप चावताच दवाखान्यात चला’ चिखलात पालथं पडलं. एका फलकाची पट्टी तिने गुडघ्यावर धरून मोडली, ओढणी फाडली, आणि परत येऊन सुगंधाचा हात पट्टीला अलगद बांधला, हलू नये असा. हे तिला येत होतं. चांगलंच येत होतं.

“धाग्याबिगर हालवायची नाय!” आवडाबाय सुनेवर आडवी झाली.

वृषालीने बाबांकडे बघितलं. ‘बांधा तो धागा आणि सोडवा एकदाचं,’ असं तिच्या डोळ्यांत होतं.

बाबा उठले.

ओट्यावरचा लाल दोरा उचलला. आवडाबायचा चेहरा फुलला. सुगंधाचा दुसरा हात तिने स्वतःच पुढे धरला.

बाबा त्या हातावरून पुढे गेले.

अंगण ओलांडून, चिखलातल्या फलकांवरून लांब पाय टाकत, जीपपाशी पोचले. पुढचं दार उघडलं आणि काठी सांभाळत आत बसले. दोरा मुठीत.

सगळे बघत राहिले. बाबा कधी घाटी उतरत नसत. कुणी लग्नाला बोलावलं तरी नाही.

“बाबानू... खंय चाललात?” रमाकांतच्या तोंडून निघालं.

“धागा बांधायला.”

“हिथं बांधा की!”

“इथं नाही. दवाखान्यात. इंजेक्शन आधी, मग धागा.”

“असा कदी झाला नाय!” आवडाबाय म्हणाली.

“सुई पुढे गेल्याशिवाय धागा कधी गेलाय का गं आवडे?”

आवडाबायने आयुष्यभर गोधड्या शिवल्या होत्या. ती सुनेला सोडून उठली.

“उचला रं! बगताय काय?”

घाटी उतरताना वृषालीने गाडी अशी काढली की वळणावर बाबांची टोपी दोनदा उडाली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी सुगंधाचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर सरळ उभी करून ठेवली. कुणी हलवायची नाही. वीस मिनिटांनी तिरकी करून बघायची. रक्त गोठलेलं असलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं, तर जहर भिनलंय.

आवडाबाय नळीवरून नजर काढेना.

“ह्याच्यावरनं कळतां?”

“ह्याच्यावरूनच.”

“मंतर नाय, काय नाय?”

“नाही हो आजी.”

वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त वाहिलं.

सलाइनमधून औषध सुरू झालं. ते लागल्यावर बाबांनी सुगंधाच्या दुसऱ्या मनगटाला धागा बांधला. सावकाश, तीन गाठी मारून, ओठांत काहीतरी पुटपुटत. डॉक्टरीणबाईंनी वृषालीकडे बघून भुवया उंचावल्या. वृषालीने मान हलवली. राहू द्या. सुगंधाने त्या धाग्यावर बोट फिरवलं आणि पहिल्यांदा तिचं कण्हणं थांबलं.

मग डॉक्टरीणबाई केसपेपर घेऊन बसल्या.

“किती वाजता चावलं?”

“सकाळच्या एस्टीच्या टायमाला,” रमाकांत म्हणाला. “साडेनऊ.”

“इथं आलात किती वाजता?”

“अकराला,” वृषालीने सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वेळा लिहिल्या. त्यांना त्यात काही विशेष नव्हतं, रोजचंच.

वृषालीला मात्र कुणी पाठीत धपाटा घालावा तसं झालं. तिने त्या दोन वेळांकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबा बाकावर डोळे मिटून बसले होते, झोपले होते की काय कोण जाणे.

“बाबा.”

“हं.”

“चावल्यापासून दारात येईपर्यंत किती वेळ. ती खूण.”

बाबांनी एक डोळा उघडला.

“आज किती?”

“दीड तास. त्यातला अर्धा तास मी वाद घालण्यात घालवला.”

“मग लिही ते.”

“तेही?”

“तेच आधी.”

संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा नळी उभी केली. या वेळी तिरकी केल्यावर रक्त जागचं हललं नाही. आवडाबायने नळीलाच हात जोडले आणि मग वृषालीच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलांवर कडाकडा मोडली. सकाळी हिलाच गप राहायला सांगितलं होतं, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

सोमवारी मुंबईला गेलेली योजना निराळी होती. सभा शंभराच्या दहा झालेल्या. मुख्य वाक्य असं: साप चावलेला माणूस एका तासात दवाखान्याच्या दारात. आणि खाली एक ओळ: दवाखान्यातला आकडा वाढेल, आणि तो वाढायलाच हवा. योजना पसंत पडली.

बाबांचं म्हणाल, तर धागा आता फक्त दवाखान्याच्या बाकावर मिळायचा. कुणी वर चढून आलंच, तर बाबा काठी घेऊन त्यांच्या पुढे घाटी उतरायला लागत. म्हाताऱ्याला चालवायला नको, म्हणून लोक परस्पर खालीच जाऊ लागले आणि बाबांना निरोप धाडू लागले. पुढे पुढे दोऱ्यांचा गुंडाच त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, ठेवा.

वर्ष फिरलं. श्रावणात मुंबईच्या साहेबांचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या दवाखान्यात सापाचे रुग्ण दुपटीने वाढलेत. हे काय चाललंय?”

“काम चाललंय,” वृषाली म्हणाली. “योजनेची शेवटची ओळ वाचा, साहेब. मी थांबते फोनवर.”

साहेबांनी वाचली. बराच वेळ वाचली. मग पुढच्या वर्षाचं बोलू लागले.

तरी त्याच दुपारी वृषाली दर्ग्यावर आली ती पाय ओढत. या वेळी हात कमरेवर नव्हते. चहा बाबांनी विचारला नाही, नुसता पुढे ठेवला.

“एक गेला, बाबा.”

“ऐकलं.”

“खाडीपलीकडचा. तिकडच्या भगताकडे दिवसभर ठेवला होता. आमच्या दारात आला तेव्हा... सात तास झाले होते.”

वृषाली ओट्याच्या कडेला टेकली.

“सगळे म्हणतात, एवढे वाचले ते बघ. आकडे चांगले आहेत. मलाही वाटायला लागलं होतं की झालं आता, जमलं. आणि त्याची बायको माझ्यासमोर...”

चाफ्यावरून पाणी ठिबकत होतं.

“भगताकडे जाणार आहे मी उद्या. होडीने. तो हाकलेल. परवा परत जाईन.”

“चहा दिला तर घे त्याच्याकडे,” बाबा म्हणाले. “आधी बोलू नको.”

वृषालीने डोळे पुसले आणि उठली. हाताला काही काम हवं म्हणून तिने इकडेतिकडे बघितलं. चाफ्याखाली, जिथं पूर्वी माणसं आणून ठेवत, घोळक्याने बसत, तिथं आता गवत आलं होतं. हिरवंगार, दाट. तिने पदर खोचला, वाकली आणि मूठभर गवत धरलं.

“काढून टाकते. अंगणात बरं दिसत नाही.”

“राहू दे.”

“अहो, लगेच होईल, बाबा. घोट्याएवढं तर आहे.”

“म्हणून तर राहू दे, पोरी. गुडघ्यापर्यंत न्यायचंय मला.”